भाषा येईपर्यंत थांबायचे नाही



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी सारी हयात नगरपालिकेच्या शाळेत घालवली. जो येईल त्याला वर्गात बसवून घ्यायचे, त्याची जात, गाव, बापाचा धंदा विचारत बसायचे नाही, ही त्यांची रीत होती. म्हणून आजच्या व्याख्यानासाठी मी सार्वजनिक शाळांचाच विषय घेतला आहे. या शाळा अमेरिकेतल्या आहेत. न्यूयॉर्क, ओकलंड यांसारख्या शहरांत सरकारी पैशावर चालणारी अशी काही हायस्कुले आहेत, की जिथला जवळजवळ प्रत्येक विद्यार्थी गेल्या दोन-चार वर्षांत दुसऱ्या देशातून आलेला असतो. कोणी आईवडिलांच्या मागोमाग आला, कोणी निर्वासित छावणीतून, तर कोणी एकटाच सीमा ओलांडून. या मुलांना इंग्रजी येत नाही आणि शाळा इंग्रजी आहे. मग शिकवायचे कसे?

लहान मुलांच्या बाबतीत हा प्रश्न तितका अवघड नाही. सहा वर्षांची मुलगी नव्या देशात गेली, तर तिच्या हातात बारा वर्षे असतात. सोळा वर्षांच्या मुलाचे तसे नसते. तो नववीत बसतो, तेव्हा त्याच्या वयाची इतर मुले अकरावीत गेलेली असतात. दोन-तीन वर्षांत त्याला परकी भाषा शिकायची असते आणि त्याच भाषेत बीजगणित, जीवशास्त्र, अमेरिकेचा इतिहास आणि निबंधलेखनही. न्यूयॉर्क राज्याच्या कायद्याने एकविसाव्या वर्षापर्यंत शाळेत राहण्याचा हक्क दिला आहे. पण पोट आणि घरभाडे त्या वयाची वाट पाहत नाहीत. अशा मुलाला आधी भाषा शिक, विषय नंतर, असे सांगणारी शाळा त्याच्याकडची सर्वांत तुटपुंजी गोष्ट खर्च करत असते, ती म्हणजे वेळ. आज मला एवढेच मांडायचे आहे, की भाषा येईपर्यंत शिक्षण थांबवायचे नसते. विषय शिकता शिकताच भाषा येते, आणि ज्या शाळांनी हे मनापासून मानले, त्यांनी ते करून दाखवले आहे.

ही मुले कोण आहेत, ते आधी पाहू. न्यूयॉर्कच्या अशा एखाद्या वर्गात डॉमिनिकन रिपब्लिकची मुले असतात, चीनच्या फुजियान प्रांतातली असतात, बांगलादेशची, येमेनची आणि पश्चिम आफ्रिकेतलीही असतात. या आफ्रिकी मुलांच्या घरात फुलानी किंवा बांबारा बोलली जाते, शाळा फ्रेंचमधून झालेली असते आणि आता तिसरी भाषा समोर उभी असते. ओकलंडमध्ये ग्वाटेमालाच्या डोंगराळ भागातून आलेली माया वंशाची कितीतरी मुले आहेत. ग्वाटेमालाचा म्हणजे स्पॅनिश बोलणारा, असे आपण गृहीत धरतो. या मुलांची भाषा माम असते. स्पॅनिशही त्यांना मोडकीतोडकीच येते. ब्रह्मदेशातून परागंदा होऊन थायलंडच्या सीमेवरच्या छावण्यांत वाढलेली कारेन मुले आहेत. भूतानमधून हाकलल्या गेलेल्या नेपाळीभाषक कुटुंबांची मुलेही आहेत. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला सुमारे एक लाख माणसे भूतान सोडून पूर्व नेपाळच्या छावण्यांत आली. २००७ साली त्यांच्या पुनर्वसनाची योजना सुरू झाली आणि त्यातले बहुसंख्य पुढे अमेरिकेत गेले.

या सगळ्यांना एका मापाने मोजता येत नाही. ढाक्याच्या चांगल्या शाळेतून आलेल्या मुलीला त्रिकोणमिती पाठ असते, अडते ते फक्त इंग्रजीत. तिच्याच बाकावर युद्धामुळे चार वर्षे शाळा बुडालेला मुलगा बसतो, आणि त्याला कोणत्याच भाषेत सलग परिच्छेद वाचता येत नाही. असे शिक्षण खंडित झालेल्या विद्यार्थ्यांची न्यूयॉर्कची शाळाव्यवस्था वेगळी नोंद ठेवते. वर्गशिक्षकाला मात्र दोघांनाही एकाच तासाला शिकवायचे असते.

या मुलांना शाळेचे दार उघडे मिळाले, ते दोन खटल्यांमुळे. पहिला सॅन फ्रान्सिस्कोचा. १९७० च्या सुमारास तिथल्या शाळांत इंग्रजी न येणारी चिनी वंशाची सुमारे २,८०० मुले होती. त्यातल्या हजारेकांना इंग्रजीची जादा शिकवणी मिळे. उरलेली सुमारे १,८०० मुले न समजणाऱ्या भाषेचे तास ऐकत बसून राहत. किनी लाऊ या मुलाच्या नावाने खटला उभा राहिला. शाळांचे म्हणणे होते, की आम्ही सर्वांना तीच पुस्तके, तेच शिक्षक, त्याच इमारती देतो, मग भेदभाव कुठे झाला? २१ जानेवारी १९७४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने एकमुखाने निकाल दिला. न्यायमूर्ती विल्यम डग्लस यांनी लिहिलेल्या निकालपत्राचा आशय असा, की ज्याला भाषाच कळत नाही, त्याच्यापुढे तेच पुस्तक ठेवणे म्हणजे समान वागणूक नव्हे. पण उपाय कोणता करायचा, हे न्यायालयाने सांगितले नाही. ते शाळांवर सोडले.

दुसरा खटला टेक्ससचा. १९७५ साली त्या राज्याने कायदा केला, की ज्या मुलांकडे देशात राहण्याचे कागद नाहीत, त्यांच्या शिक्षणासाठी राज्याचा पैसा मिळणार नाही. टायलर गावच्या शाळांनी १९७७ मध्ये अशा मुलांकडून वर्षाला १,००० डॉलर फी मागायला सुरुवात केली. चार कुटुंबे न्यायालयात गेली, तीही नाव गुप्त ठेवून, कारण उघडपणे उभे राहिले तर देशाबाहेर काढले जाण्याची भीती होती. १५ जून १९८२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार अशा निसटत्या बहुमताने त्यांच्या बाजूने निकाल दिला. न्यायमूर्ती विल्यम ब्रेनन यांनी लिहिले त्याचा आशय असा, की आईबापांच्या कृत्याची शिक्षा मुलांना देता येत नाही, आणि मुलांना निरक्षर ठेवून देश स्वतःच एक कायमचा वंचित थर निर्माण करील. चौदाव्या घटनादुरुस्तीने कायद्याचे समान संरक्षण दिले आहे ते राज्याच्या हद्दीतल्या प्रत्येक व्यक्तीला, फक्त नागरिकांना नाही, हा या निकालाचा पाया. म्हणूनच शाळेत नाव घालताना मुलाच्या नागरिकत्वाचे कागद मागितले जात नाहीत. राहण्याचा पत्ता, वय, लसीकरण, आणि घरी कोणती भाषा बोलता, एवढेच विचारले जाते.

दार उघडले. आत काय करायचे, याचा धडा मात्र या खटल्यांच्या चाळीस-पन्नास वर्षे आधीच एका माणसाने घालून दिला होता. लिओनार्ड कोव्हेलो १८८७ साली दक्षिण इटलीतल्या आविल्यानो गावी जन्मले आणि लहानपणीच न्यूयॉर्कच्या ईस्ट हार्लेममध्ये आले. त्यांचे मूळ आडनाव कोव्हिएलो. शाळेतल्या बाईंना ते उच्चारायला जड गेले, म्हणून त्यांनी त्यातले एक अक्षर गाळून टाकले. प्रगतिपुस्तक घरी आले, तेव्हा वडिलांना ते दिसले. शाळेने मुलाला इंग्रजी दिले आणि त्या बदल्यात घर आणि मूल यांच्यामध्ये एक अंतर उभे केले, ही खंत कोव्हेलो यांनी आयुष्यभर बाळगली. त्या खंतीतून त्यांनी कामही उभे केले. शिक्षक झाल्यावर, इटालियन भाषा हायस्कुलात फ्रेंच-स्पॅनिशच्या बरोबरीने शिकवली जावी यासाठी ते झगडले आणि १९२२ साली शिक्षण मंडळाने ती बरोबरी मान्य केली.

१९३४ मध्ये ईस्ट हार्लेममध्ये बेंजामिन फ्रँकलिन हायस्कूल सुरू झाले आणि कोव्हेलो तिथे मुख्याध्यापक झाले. मंदीचे दिवस होते. वस्ती प्रामुख्याने इटालियन, आणि पोर्तो रिकोहून आलेल्यांची संख्या वाढत होती. कोव्हेलो यांनी शाळा भिंतींच्या बाहेर काढली. वस्तीतल्या रिकाम्या दुकानांच्या गाळ्यांत वाचनालये आणि मंडळे सुरू केली. पालकांना त्यांच्या भाषेत पत्रे लिहिली. संध्याकाळी मोठ्यांसाठी वर्ग भरवले. पडक्या चाळींच्या जागी सरकारी घरे बांधली जावीत, या मोहिमेत विद्यार्थ्यांना उतरवले. त्यातून ईस्ट रिव्हर हाउसेस ही वसाहत १९४१ मध्ये उभी राहिली. १९४५ साली इटालियन आणि कृष्णवर्णीय मुलांमध्ये हाणामारी झाली आणि वर्तमानपत्रांनी तिला दंगलीचे रूप दिले, तेव्हा फ्रँक सिनात्रा हा त्या काळचा सर्वांत लाडका गायक, स्वतः इटालियन स्थलांतरितांचा मुलगा, शाळेत येऊन मुलांशी बोलला. पोर्तो रिकन मुले वाढली, तशी शाळा त्यांच्याकडे वळली. कोव्हेलो १९५६ मध्ये निवृत्त झाले.

आता १९८५ कडे येऊ. न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात लाँग आयलंड सिटी नावाचा औद्योगिक पट्टा आहे. तिथल्या ला ग्वार्डिया कम्युनिटी कॉलेजच्या आवारात इंटरनॅशनल हायस्कूल सुरू झाले. ज्या महापौरांचे नाव त्या कॉलेजला आहे, ते फिओरेल्लो ला ग्वार्डिया तरुणपणी एलिस आयलंडवर येणाऱ्या स्थलांतरितांसाठी दुभाष्याचे काम करत असत. शाळेचे पहिले मुख्याध्यापक एरिक नॅडेलस्टर्न. प्रवेशाच्या अटी सरळ होत्या: विद्यार्थी देशात येऊन चार वर्षे झालेली नसावीत आणि इंग्रजीच्या चाचणीत तो मागे असावा. इतर शाळांत जे विद्यार्थ्याचे उणेपण समजले जाई, तीच इथे प्रवेशाची पात्रता ठरली.

इथली शिकवण्याची पद्धत मी जरा सविस्तर सांगतो, कारण सगळे त्यातच आहे. मोठ्या शाळांत नव्या मुलांना इंग्रजीच्या पातळीनुसार वेगळे काढत. सुरुवातीची पातळी, मधली पातळी, वरची पातळी. खालच्या पातळीच्या वर्गात व्याकरण आणि शब्दांचे तक्ते, विज्ञान-इतिहास नंतर कधीतरी. इंटरनॅशनल हायस्कूलने हे उलटे केले. सर्व पातळ्यांची, सर्व भाषांची मुले मुद्दाम एका वर्गात बसवली. बऱ्याचदा नववी-दहावीही एकत्र. प्रत्येक विषयाचा शिक्षक भाषेचाही शिक्षक, मग तो रसायनशास्त्राचा का असेना. फळ्याकडे तोंड करून बसलेल्या रांगा नाहीत. चार-चार, पाच-पाच मुलांची टेबले आणि प्रत्येक टेबलापुढे एक काम.

समजा, विज्ञानाच्या तासाला प्रश्न आहे: शहराच्या कोणत्या भागातल्या पाण्यात शिसे जास्त सापडेल आणि का? टेबलाभोवती दोन मुले स्पॅनिश बोलणारी, एक मुलगी बंगाली, एक मुलगा अरबी. स्पॅनिश बोलणारे दोघे आधी आपसात स्पॅनिशमध्ये डोके चालवतात. शिक्षिका त्यांना अडवत नाही, कारण विचार ज्या भाषेत होतो, त्याच भाषेत तो आधी व्हायला हवा. पण त्यांचे उत्तर बंगाली मुलीला पटवायचे असेल, तर इंग्रजीशिवाय मार्ग नाही. टेबलावर ती एकच सामायिक भाषा आहे. तोडकीमोडकी का होईना, ती बोलावीच लागते. बोलताना शब्द कमी पडतो, म्हणून आकृती काढावी लागते, शब्दकोश चाळावा लागतो, दोन वर्षे आधी आलेल्या मुलाला विचारावे लागते. इंग्रजीची गरज अशी वर्गातच, कामातूनच निर्माण होते. आणि ज्याला इंग्रजी कमी येते पण विज्ञान जास्त येते, त्याच्याकडे इतरांना वळावेच लागते. ढाक्याची ती मुलगी पहिल्याच महिन्यात टेबलाची गणितज्ञ होते. तिला गप्प बसवून शब्दांचे तक्ते पाठ करायला लावले असते, तर तिच्याकडे काय आहे ते कोणालाच कळले नसते.

याला शिक्षकांचीही वेगळी घडी लागते. चार-पाच विषयांचे शिक्षक मिळून शंभरेक मुलांचा एक गट सांभाळतात, वेळापत्रक स्वतः आखतात, दर आठवड्याला एकत्र बसून प्रत्येक मुलाबद्दल बोलतात. जी पद्धत मुलांना, तीच शिक्षकांना, हे तिथले तत्त्व आहे. मुलांनी गटात शिकायचे आणि शिक्षकाने दार लावून एकट्याने शिकवायचे, असे चालत नाही. अकरावी-बारावीच्या वयाला मुले काही आठवडे शहरातल्या एखाद्या कचेरीत, दवाखान्यात, कार्यशाळेत उमेदवारी करतात.

परीक्षेचाही विचार तितकाच मुळातून झाला. न्यूयॉर्क राज्यात रीजेंट्स नावाची बोर्डाची परीक्षा असते. पुढे याच धर्तीवर निघालेल्या बऱ्याच शाळांना इंग्रजी सोडून इतर विषयांत त्या परीक्षेतून सूट मिळाली. त्याऐवजी विद्यार्थी प्रत्येक मुख्य विषयात मोठे काम करतो. साहित्यावर निबंध, इतिहासावर शोधलेख, स्वतः केलेला विज्ञानाचा प्रयोग, गणिताची उकल. ते काम परीक्षकांपुढे उभे राहून मांडतो आणि प्रश्नांना उत्तरे देतो. काही शाळांत एक काम मातृभाषेतही करावे लागते. तीन वर्षांपूर्वी ज्याला इंग्रजी वाक्य जुळवता येत नव्हते, तो मुलगा अर्धा तास इंग्रजीत आपल्या प्रयोगाची बाजू लढवतो. एका बैठकीच्या लेखी परीक्षेने हे कसे मोजायचे?

हा नमुना पसरला. १९९३ मध्ये मॅनहॅटनला आणि १९९४ मध्ये ब्रुकलिनला अशी शाळा निघाली. २००४ मध्ये या शाळांची इंटरनॅशनल्स नेटवर्क ही संस्था स्थापन झाली. आज एकट्या न्यूयॉर्कमध्ये अशा डझनाहून अधिक शाळा आहेत आणि कॅलिफोर्निया, मेरीलँड, व्हर्जिनियातही त्या पोचल्या आहेत.

त्यांतले ओकलंड इंटरनॅशनल हायस्कूल २००७ साली सुरू झाले. तिथल्या संस्थापक शिक्षकांपैकी एक होत्या थी बुई. त्या स्वतः व्हिएतनाममधून लहानपणी बोटीने निघालेल्या निर्वासित कुटुंबातल्या, आणि पुढे चित्रकथाकार म्हणून नावारूपाला आल्या. त्यांनी मुलांकडून स्वतःच्या स्थलांतराच्या चित्रकथा काढून घेतल्या. ज्याच्याजवळ शब्द थोडे, त्याला चित्राच्या चौकटीत आपली हकीकत पूर्ण सांगता आली. याच शाळेत फुटबॉल हा नव्या मुलांना धरून ठेवणारा धागा ठरला. ‘सॉकर विदाउट बॉर्डर्स’ ही संस्था तिथे मैदानावर संघ बांधते आणि त्यातूनच अभ्यासाची शिस्त, भाषा, मैत्री जोडते. आणखी एक प्रथा मला फार मोलाची वाटते. तिथे शिक्षकांना विद्यार्थी आणि पालक आपल्या वस्तीत घेऊन जातात. आमची मशीद, आमचे किराणा दुकान, आम्हाला मदत करणारी संस्था, आमच्या घरी जेवायला या. त्या दिवशी शिकवतात विद्यार्थी आणि शिकतात शिक्षक. कोव्हेलो यांच्या गाळ्यांतल्या मंडळांशी याचे नाते सरळ आहे.

ओकलंडने आणखी एक गोष्ट ओळखली, ती म्हणजे वर्गाबाहेरचा भार. २०१४ च्या आर्थिक वर्षात अमेरिकेच्या दक्षिण सीमेवर आईवडिलांशिवाय आलेली सुमारे ६८,००० मुले पकडली गेली. बहुतेक एल साल्वादोर, ग्वाटेमाला आणि होंडुरासची. या मुलांवर न्यायालयात हद्दपारीचे खटले चालतात, आणि अल्पवयीन असले तरी सरकारी खर्चाने वकील मिळण्याचा हक्क त्यांना नाही. सीमेपलीकडे आणणाऱ्या दलालाचे कर्ज फेडायचे असते आणि त्यावर व्याज चढत असते. याच शाळेत काम केलेल्या लॉरेन मार्कम यांनी २०१७ मध्ये ‘द फार अवे ब्रदर्स’ या पुस्तकात एल साल्वादोरच्या जुळ्या भावांची अशी कहाणी लिहिली. रात्री हॉटेलात भांडी घासून सकाळी पहिल्या तासाला डुलक्या घेणाऱ्या मुलाला आळशी ठरवणे सोपे असते. या शाळेने वकील, समुपदेशक, आरोग्यसेवा आणि दुभाषे शाळेच्याच आवारात आणले. न्यायालयाची तारीख चुकली, तर शिकवलेले सगळे बीजगणित वाया जाते, हे तिथल्या शिक्षकांना ठाऊक आहे.

या शाळांवर एक आक्षेप गंभीरपणे घेतला जातो आणि तो घेतलाच पाहिजे. १९५४ साली ब्राऊन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने कृष्णवर्णीय मुलांसाठी वेगळ्या शाळा म्हणजे विषमता, असे सांगितले. मग नवागतांना वेगळ्या शाळेत ठेवणे बरोबर कसे? अमेरिकेत जन्मलेल्या मुलांशी त्यांची मैत्री कधी होणार? माझे मत असे आहे. मोठ्या शाळेत ही मुले कागदावर सर्वांबरोबर असतात, प्रत्यक्षात मात्र मागच्या बाजूच्या इंग्रजीच्या वर्गांत अडकून पडतात. प्रयोगशाळा, विद्यार्थी मंडळ, चांगले शिक्षक यांपर्यंत त्यांचा हात पोचत नाही. इथे ते सगळे त्यांचे असते. ब्राऊन खटल्यातली सक्ती इथे नाही, इथे मुले आणि पालक निवड करून येतात. तरीही वेगळेपणाची किंमत आहेच. ती कमी करायची तर शाळा कॉलेजच्या आवारात हवी, दुसऱ्या शाळांच्या इमारतीत हवी, खेळाचे सामने आणि उमेदवारी शहरभर हवी. जी शाळा हे करत नाही, तिच्यावर हा आक्षेप लागू पडतो.

या शाळांवर एक अन्यायही होतो, तो हिशेबातला आहे. अमेरिकेत हायस्कूल चार वर्षांत पूर्ण करणाऱ्यांच्या टक्केवारीवर शाळेचा दर्जा ठरतो. सोळाव्या वर्षी येऊन पाच-सहा वर्षांत हायस्कूल पुरे करणारा मुलगा त्या टक्केवारीत नापास गणला जातो, आणि त्याच्यासाठी राबलेली शाळाही. पाच-सहा वर्षांचा निकाल वेगळा मोजण्याची सोय काही राज्यांनी केली आहे, पण मथळ्यात छापला जातो तो चार वर्षांचाच आकडा.

आता आपल्याकडे पाहू. तिथे जी जागा इंग्रजीची, ती इथे मराठीची आहे. मुंबई महानगरपालिकेच्या शाळा आठ माध्यमांतून चालतात: मराठी, हिंदी, उर्दू, गुजराती, तमिळ, तेलुगू, कन्नड आणि इंग्रजी. जगातल्या फार थोड्या शहरांनी स्थलांतरितांच्या भाषांना असा मान दिला असेल. आपण प्रत्येक भाषेला वेगळी शाळा दिली. पण आठवीच्या वयाचा मुलगा मध्येच दुसऱ्या राज्यातून येतो, किंवा ऊसतोडीच्या हंगामात त्याची शाळा तुटते, तेव्हा त्याला कुठे बसवायचे, याचे उत्तर आपल्याकडे अजून पक्के नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या चौथ्या कलमाने अशा मुलाला वयानुरूप वर्गात प्रवेश आणि विशेष प्रशिक्षणाचा हक्क दिला आहे. पण त्या कायद्याचे वय चौदापर्यंतच आहे. ज्या वयात अडचण सर्वांत मोठी होते, तिथे कायदा हात सोडतो.

२०२० च्या कायद्याने राज्यातल्या सर्व शाळांत मराठी अनिवार्य झाली. मी त्याच्या बाजूचा आहे. पण अनिवार्य करणाऱ्यावर शिकवण्याची जबाबदारीही येते. बिहारहून आलेल्या मुलीला मराठी यावी, असे वाटत असेल, तर तिला मराठी मुलांच्या टेबलावर बसवावे लागेल, विज्ञानाचा प्रश्न द्यावा लागेल, तिची भोजपुरी तिच्या वहीत आधी उतरू द्यावी लागेल आणि मग मराठीत मांडायला सांगावे लागेल. शिक्षिकेला भोजपुरी येत नसली तरी चालेल. न्यूयॉर्कच्या शिक्षकांनाही फुलानी किंवा माम येत नाही. मुलगी विचार करू शकते, एवढा विश्वास मात्र हवा, आणि त्याला धरून वर्गाची मांडणी, वेळापत्रक आणि परीक्षा बदलण्याची तयारी हवी.

म्हणून माझी मागणी तीन गोष्टींची आहे. मध्येच आलेल्या मोठ्या मुलांसाठी आपल्या महानगरपालिकांनी माध्यमिक शाळेचे वेगळे वर्ग काढावेत आणि त्यांत विषय पहिल्या दिवसापासून शिकवावेत. शिक्षण हक्काचे वय अठरापर्यंत न्यावे. आणि अशा शाळांतल्या शिक्षकांना दर आठवड्याला एकत्र बसून एकेका मुलाचा विचार करण्याचा वेळ त्यांच्या कामाच्या तासांतच मिळावा. यांतली एकही गोष्ट अशक्य नाही. मंदीच्या काळात, कर्जात बुडालेल्या शहरात, एका स्थलांतरित मुख्याध्यापकाने याहून अवघड कामे केली होती. गुरुजींनी ज्या नगरपालिकेच्या शाळेत हयात घालवली, तशा शाळांतूनच हे काम सुरू व्हावे. ते सुरू करणे आपल्या हातात आहे.